बाईंच्या गाडीची पाचवी खेप

सोमवारी सकाळी साडेआठला गेट उघडतं तेव्हा आमच्या वर्कशॉपबाहेर रांग लागलेली असते. शनिवार-रविवारी लोक गाडी घेऊन लांब जातात, कुठंतरी काहीतरी वाजायला लागतं आणि सोमवारी ते आमच्या दारात येतात. मी सर्व्हिस ॲडव्हायझर. गाडी आत घ्यायची, तक्रार ऐकायची, जॉब कार्ड काढायचं, बिलाचा अंदाज द्यायचा आणि संध्याकाळी किल्ली हातात ठेवायची, हे माझं काम. पावसाळ्यातल्या अशाच एका सोमवारी रांगेत सहावी गाडी वाईच्या बाईंची होती. नंबर बघूनच माझ्या पोटात गोळा आला. चौदा महिन्यांच्या गाडीची ही पाचवी खेप होती, आणि प्रत्येक वेळी कारण एकच.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वाईहून साताऱ्याजवळच्या शाळेत रोज ये-जा. डिझेल गाडी, तेरा लाखांची, त्यातलं निम्म्याहून जास्त कर्ज. त्या दिवशी त्यांनी किरकोळ रजा टाकली होती.

"दिवा परत लागलाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, कारण चढलेला आवाज शांत करायचं आम्हाला शिकवलेलं असतं.

दिवा म्हणजे डीपीएफचा. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आले आणि डिझेल गाडीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून थेट साडेचारवर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी बसवतात, तोच डीपीएफ. काजळी तिथं अडकते. ती साठली की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी थोडं जादा डिझेल सोडून धुराचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेते. याला आम्ही रीजन म्हणतो. गाडी गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तर तेवढी उष्णता तयार होत नाही, रीजन अर्धवट राहतं आणि दिवा लागतो. हे खरं आहे. अशा गाड्या आमच्याकडे आठवड्याला येतात आणि त्यांना "हायवेला नेऊन वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा" हाच योग्य सल्ला आहे.

पण बाई रोज सत्तर किलोमीटर हायवेनंच चालवत होत्या. तरीही चार वेळा आम्ही त्यांना तोच सल्ला दिला होता.

त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रेघा मारून रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, काय झालं. "गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा चालूच राहतो आणि जळका वास येतो, ते मी लिहून ठेवते," त्या म्हणाल्या. मी पान उलटत गेलो. 22,140. 22,231. 22,318. 22,402. गाडी बंद केल्यावर पंखा जोरात चालू राहणं ही अर्धवट सुटलेल्या रीजनची खूण. म्हणजे ही गाडी दर ऐंशी-नव्वद किलोमीटरला काजळी जाळायला बघत होती. निरोगी गाडीत हे अंतर काही शे किलोमीटरचं असतं. आमच्या सिस्टिममध्ये चार जॉब कार्डं होती, स्कॅनरचे रिपोर्ट होते, आणि यातली एकही गोष्ट नव्हती. ती त्या वहीत होती.

मग त्यांनी आधीच्या चार जॉब कार्डांच्या प्रती टेबलावर मांडल्या आणि दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवलं.

"मी तेव्हा सांगितलं होतं की ऑईल वाढतंय, ऑईल मोजायच्या काडीला डिझेलचा वास येतोय. इथं लिहिलंय, 'डीपीएफ दिवा. ग्राहकास वापराबद्दल मार्गदर्शन केले.' ही ओळ माझी नाही. कोणी लिहिली?"

"मी, बाई."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त वही मिटली.

ती ओळ मी का लिहिली, ते सांगतो. सिस्टिममध्ये तक्रार निवडायला ठरलेले पर्याय असतात. "ऑईल वाढतंय" असा पर्याय नव्हता, "डीपीएफ दिवा" होता. शेरा लिहायला चौकट असते, पण सकाळी रांगेतल्या माणसाला आठ-दहा मिनिटांहून जास्त देता येत नाहीत. त्याच्यामागे पैशाचं गणितही आहे. वॉरंटीचं काम केलं की कंपनी डीलरला तिच्या दरानं मजुरी देते, तीही तक्त्यातल्या ठरलेल्या वेळेपुरती. पार्ट बदलायचे पैसे मिळतात. दोष कुठं आहे हे शोधायला गेलेल्या दोन-तीन तासांचे बहुतेक वेळा मिळत नाहीत. फोटो कमी पडले, कोड जुळला नाही, तर क्लेम रिजेक्ट होतो आणि रक्कम डीलरच्या खात्यातून वळती होते. माझा इन्सेंटिव्ह बिलावर आहे, अलाइनमेंटवर आहे, कोटिंगवर आहे. सापडलेल्या दोषावर नाही. "तुमच्या चालवण्यामुळं होतंय" हे वाक्य पाच मिनिटांत विषय संपवतं. ते वाक्य मी कित्येक लोकांना ऐकवलंय, आणि त्यातल्या किती जणांच्या बाबतीत ते खोटं होतं हे आता शोधायला मार्ग नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मी गाडी रांगेतून काढून थेट आत घेतली आणि मामांना हाक मारली. मामा आमच्या फ्लोअरवरचे सगळ्यात जुने टेक्निशियन. त्यांनी आधी डिपस्टिक, म्हणजे तीच ऑईलची काडी, ओढली. वरच्या खुणेच्या अंगठाभर वर ऑईल होतं. एक थेंब कागदावर टाकला तर तो पाण्यासारखा पसरला. रीजनसाठी सोडलेलं जादा डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून थोडं खाली ऑईलमध्ये उतरतं. वारंवार रीजन, वारंवार डिझेल. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला आणि टर्बोला धरून राहत नाही. बाई चौदा महिन्यांत आम्हाला हेच सांगत होत्या आणि आम्ही तीन वेळा ऑईल बदलून त्याचं बिल त्यांनाच लावलं होतं.

"मागच्या वेळी काय केलं?" मामांनी विचारलं.

"फोर्स रीजन, स्कॅनर लावून करायला लावलेलं. त्याच्याआधी सॉफ्टवेअर."

"प्रेशर बघितलं का कोणी, इंजिन बंद ठेवून?"

कोणीच बघितलं नव्हतं. गाळणीच्या अलीकडं आणि पलीकडं धुराचा दाब किती, यातला फरक एक सेन्सर मोजतो. फरक वाढला म्हणजे गाळणी तुंबली, असं गाडी समजते. इंजिन बंद असताना धूरच वाहत नाही, मग फरक शून्याच्या आसपास असायला हवा. मामांनी स्कॅनर लावला, किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं नाही. स्क्रीनवर आकडा आला: 26 मिलिबार. एरर कोड नाही, काही नाही. गाडी बंद उभी होती आणि सेन्सर सांगत होता की गाळणीत काजळी आहे.

मामांनी दोन्ही नळ्या काढल्या, फुंकून बघितल्या, कुठं चीर किंवा पाणी नाही याची खात्री केली. आकडा तोच. मग आमच्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीतला सेन्सर काढून इथं लावला. शून्य. एवढ्याला चाळीस मिनिटं लागली, त्यातला पहिला आकडा बघायला दोन. मी स्क्रीनचे दोन्ही फोटो काढले, हात थरथरत होता.

बाईंना रॅम्पजवळ आणून स्क्रीन दाखवली. ग्राहकाला फ्लोअरवर आणायचं नसतं, तरी आणलं. त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि विचारलं, "म्हणजे माझ्या चालवण्यात काही चूक नव्हती?"

"नव्हती, बाई."

"माझे मिस्टर वर्षभर म्हणताहेत की तुला गिअर टाकता येत नाहीत, म्हणून दिवा लागतो."

याला मी काय उत्तर देणार होतो! आमच्या एका ओळीनं त्यांच्या घरात काय केलं होतं, ते तेव्हा कळलं.

पुढचं भांडण वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये झालं. नवा सेन्सर पुण्याहून यायला दोन-तीन दिवस लागणार होते. मी म्हटलं, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीतला आत्ता बाईंच्या गाडीत राहू दे, नवा आला की तो आपल्या गाडीत टाकू. ते नियमात बसत नव्हतं, पण त्यांनी मान्य केलं. आत्ताचं ऑईल सेन्सरच्या क्लेमबरोबर वॉरंटीत बसवता येणार होतं, तेही झालं. गाडं अडलं ते आधीच्या तीन ऑईलच्या बिलांवर. साडेसतरा हजार रुपये. साहेब म्हणाले, ऑईल कन्झ्युमेबल आहे, जुनी जॉब कार्डं बंद झालीत, एरिया मॅनेजर मानणार नाही.

मी जुनी जॉब कार्डं त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की दुसऱ्यावरची ओळ माझी आहे, ग्राहकानं सांगितलेलं मी लिहिलं नाही, हे मी मेलवर लिहून देतो. वकील असलेल्या भावानं बाईंना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं: जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, आणि तिथं पहिल्यांदा जॉब कार्ड मागतात. त्यांनी धमकी दिली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं होतं. मी साहेबांना म्हटलं, आयोगात ही ओळ वाचली गेली तर बाई खोट्या ठरतील, आणि त्या खोट्या नाहीत. मेल मी त्यांच्यासमोर बसूनच पाठवला.

मग पाचवं जॉब कार्ड मी नव्यानं काढलं. शेऱ्याच्या चौकटीत मराठीत, बाई सांगतील तसं, शब्द न बदलता. 'ऑईल वाढते. काडीला डिझेलचा वास येतो. दर ऐंशी-नव्वद किलोमीटरला पंखा लागतो. रोज हायवेने चालवते.' खाली आधीच्या चारही कार्डांचे नंबर, इंजिन बंद असतानाचा आकडा, मामांची सही. प्रिंट काढून बाईंपुढे ठेवली. त्यांनी पेनानं एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.

सही झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "वर्षभर पातळ ऑईलवर चाललेल्या इंजिनचं काय?" मामांनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं होतं, टर्बोचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला होता, दोन्ही ठीक होते. पण उद्या साठ हजार किलोमीटरला काही निघालं तर ते याच कारणानं निघालं, असं कंपनीनं लिहून द्यावं, ही त्यांची मागणी होती. ती रास्त होती. मी वर कळवली. उत्तरात 'नोंद घेतली आहे' एवढंच आलं. तिसऱ्या आठवड्यात दोन ऑईल बिलांचे पैसे बाईंच्या खात्यात परत आले. तिसऱ्याचे आले नाहीत. दोन्ही गोष्टींसाठी माझे मेल अजून चालू आहेत.

सर्व्हिसनंतर ग्राहकाला कंपनीचा फोन जातो, समाधानी आहात का, दहापैकी किती गुण. गाडी देताना "दहा द्या हो" असं आम्ही सगळेच विनवतो. त्या दिवशी मी तसं काही म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंचा फोन आला. मागं कोणीतरी गाडीचं दार लावल्याचा आवाज येत होता.

"वहीतलं सांगू का?" त्या म्हणाल्या. "मागचा पंखा 31,906 ला लागला होता. आज 32,517 झालेत. अजून लागलेला नाही."