तामड्याच्या चकत्या

आजचा अख्खा दिवस तामडा, म्हणजे गार्नेट, या एका खड्यात गेला. मन अजून तिथेच आहे. फ्रँक लोकांचा राजा चिल्डेरिक 481-82च्या सुमारास वारला. बेल्जियममधल्या तूर्नेच्या त्याच्या थडग्यातल्या तलवारीवर सोन्याच्या पट्ट्यांच्या छोट्या घरांत, म्हणजे कप्प्यांत, तामड्याच्या लाल चकत्या बसवल्या आहेत. त्या काळी युरोपात वापरलेला बराचसा तामडा भारत आणि श्रीलंकेतून गेलेला. रासायनिक तपासणीतून हे कळतं.

चकती जेमतेम 1 मिमी किंवा त्याहून पातळ. जाड ठेवली तर प्रकाश आत शिरून परत येत नाही, खडा काळपट दिसतो. फार पातळ केली की घासतानाच तडकते. शिवाय वाळू बहुतेक क्वार्ट्झची, म्हणजे गारेची, आणि तामडा तिच्यापेक्षा थोडा कठीण, त्यामुळे साध्या वाळूने घासणं म्हणजे वेळेचा नाश. कुरुंद या त्याहून कठीण खनिजाची पूड हवी. खाली सोन्याचा पत्रा, त्यावर बारीक चौकटींचा ठसा, मिलिमीटरला 3-4 रेघा. प्रकाश त्यावर आपटून फिरतो, म्हणून लाली पेटते. मला तर खरी कारागिरी या न दिसणाऱ्या पत्र्यातच वाटते!

सातव्या शतकात भारत-श्रीलंकेचा हा माल आटला. का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मग बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातले, छोटे खडे आले आणि सोन्याची घरंही लहान झाली.