ऊन सरकतंय, थांबा जरा

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला फोटो काढायला चाललोय म्हटलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे "काय दिसणारे तिथे, नुसतं धुकं", आणि दुसरी "मग पहाटे उठून जा, गोल्डन अवरला", म्हणजे सूर्य क्षितिजाजवळ असतानाच्या पिवळ्या उन्हात. पहिलीत तथ्य आहे. दुसरी युट्यूबवरनं आलेली आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की सह्याद्रीत पावसाळ्यात तिचा काडीचा उपयोग नाही.

कारण साधं आहे. लँडस्केपचे जे व्हिडिओ आपण बघतो ते करणारे बरेचसे नॉर्वे, आइसलँड, स्कॉटलंडकडचे. तिकडे सूर्य तिरका तिरका घरंगळत मावळतो, तासन् तास ते पिवळं ऊन टिकतं. आपण बसलोय अठरा अंश अक्षांशावर, इथे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणजे क्षितिजाच्या सहा अंश वर असल्यापासून मावळेपर्यंत पंचवीस-सव्वीस मिनिटं, संपलं. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये ती पंचवीस मिनिटं कोकणावरच्या ढगांमागेच जातात. मग तुम्ही चारचा गजर लावा नाहीतर तीनचा. पावसाळ्यात उजेड घड्याळाप्रमाणे येत नाही, ढग फाटला की येतो, मग तो दुपारी दीडला का फाटेना. आणि दीडचं ऊन खराब हा नियम उघड्या आभाळाचा आहे. आजूबाजूला काळं आभाळ आणि मधेच एका डोंगराच्या सोंडेवर पडलेलं ऊन असेल तर ते दीडचं आहे की साडेपाचचं, फोटोत कुणी विचारत नाही.

तर मुद्दा असा की वेळेपेक्षा जागा बदला. आणि त्यासाठी महाबळेश्वर-पाचगणी-वाई हा पट्टा म्हणजे चैन आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून जेमतेम बत्तीस-तेहतीस किलोमीटरवरच्या वाईला सात-आठशे. एवढासा रस्ता आणि पाऊस सात-आठ पटीनं कमी! कोकणातनं वर चढलेला वारा सगळं पाणी घाटमाथ्यावर ओततो आणि पलीकडे उतरताना कोरडा होत जातो, हे शाळेत पर्जन्यछायेच्या धड्यात वाचलेलं असतं, पण ते कारच्या काचेतनं बघायला जी मजा येते ती वेगळीच. महाबळेश्वरच्या बाजारात वायपर फुल स्पीडवर, समोरच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही. पाचगणीकडे यायला लागलं की वायपर मधूनमधून. पसरणी घाट उतरायला लागलं की काच कोरडी, आणि खाली वाईत माणसं स्वेटर बघून हसतात.

उंचीचा पण हिशोब आहे. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आत-बाहेर, वाई सातशेच्या आसपास. पावसाळ्यात ढगाचं बूड पुष्कळदा याच्या मधे कुठेतरी असतं, त्यामुळे महाबळेश्वरला आपण ढगाच्या पोटात असतो, पाचगणीला कधी आत कधी बाहेर, आणि पसरणी घाटाच्या निम्म्यात आलं की ढगाच्या खाली. माझा सगळा जीव त्या 'कधी आत कधी बाहेर'वाल्या पट्ट्यावर आहे. महाबळेश्वरला पांढरा पडदा लागला असेल तर आर्थर सीटवर छत्री उलटी करून घेत उभं राहण्यात काय अर्थ नाही, गाडी काढा आणि वीस किलोमीटर पूर्वेला या. लोक नेमकं उलटं करतात, पाचगणीत ऊन-सावली चालू असते तेव्हा ते वर धुक्यात जायला घाई करतात, कारण हॉटेलचं बुकिंग वर असतं.

पाचगणीचा पारसी पॉइंट माझा आवडता. टुरिस्टी आहे, घोडे आहेत, कणसं आहेत, ठीके. पण तिथे तोंड उत्तरेला होतं, खाली धोम धरणाचं पाणी, समोर कमळगड, आणि दुपारनंतर ऊन डावीकडनं येतं, म्हणजे अख्ख्या खोऱ्याला बाजूनं. प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळ आणि एक काळी. समोरून ऊन असेल तर सगळं सपाट दिसतं, पाठीमागून असलं तरी सपाटच, बाजूनं आलं की डोंगराला अंग येतं.

आणि वारा पश्चिमेचा, त्यामुळे उन्हाचे तुकडे पण पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, जोर गावाच्या बाजूला, आधी उजळतं, मग बलकवडीच्या धरणाकडे, मग धोमचं पाणी, मग वाई. तुकडा चांगला गाडीच्या वेगानं पळत असतो, पण दिशा ठरलेली, त्यामुळे पाच-दहा मिनिटं आधी अंदाज बांधता येतो. हे मला कुठल्या ॲपनं सांगितलं नाही. तिथे कणसं भाजणाऱ्या एक मावशी आहेत, मी ट्रायपॉड लावून उगाच वाईकडे बघत बसलेलो, तर त्या कणसावरची राख फुंकत म्हणाल्या, "आवो दादा, तिकडं काय बघताय, त्या जोरच्या अंगाला बघा की, उजाडलंय. आत्ता धरणावर येतंय ऊन." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळतं हो मावशी? "रोज हितंच बसतीय की मी. ऊन आलं की गिऱ्हाईक गाडीतनं उतरतंय." धंद्याचं गणित आहे त्यांचं, आणि वेदर ॲपपेक्षा भारी चालतं, कारण ॲप नकाशावरच्या एका मोठ्या चौकोनावर एकच ढग-पाऊस काढतो नि खोऱ्यात एकाच वेळी तीन प्रकारचं हवामान असतं.

आता सेटिंगचं सांगतो, कारण इथेच बरेच जण गंडतात. खोरं काळपट, एक पट्टा उजळ. कॅमेरा ऑटोवर असला की तो बिचारा सगळ्याचा सरासरी हिशोब करतो, अंधार जास्त दिसला म्हणून फोटो उजळ करतो, आणि ज्याच्यासाठी आपण तासभर भिजलो तो उन्हाचा पट्टा पांढराफटक होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या, आजूबाजूला कितीही काळं असलं तरी त्या तुकड्यावर पडलेलं ऊन म्हणजे नेहमीचंच ऊन आहे. सूर्य बदललेला नाही. म्हणजे एक्स्पोजर, कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आधीच ठरवता येतं, ऊन पोचायच्या आधी. फिल्मच्या जमान्यातला सनी सिक्स्टीनचा नियम इथे झकास लागू पडतो: स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवलं तर शटर उघडं राहायचा वेळ म्हणजे एक भागिले आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील तो आकडा). म्हणजे आयएसओ २०० ला एफ ८ वर, छिद्र मोठं म्हणून उजेड चौपट, साधारण १/८०० सेकंद. ऊन कललेलं असेल तर १/४००. सीपीएल फिल्टर (लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी काढणारी काच) लावला असेल तर तो दीडेक स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं शटर अजून हळू करा. मॅन्युअलवर हे लावून ठेवायचं आणि कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर काय बोंबलतोय तिकडे दुर्लक्ष करायचं. सावलीतलं खोरं दोन-तीन स्टॉप काळं जाईल, जाऊ दे, तेच तर पाहिजे. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं असेल तर नंतर सावलीतनं थोडं काढता येतं, जळालेल्या उन्हातनं काहीच काढता येत नाही.

धुक्यात बरोबर उलटं. सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा त्याला राखाडी करतो, म्हणून पाऊण-एक स्टॉप वर ढकलायला लागतं. म्हणजे पारसी पॉइंटवर दहा मिनिटांत दोनदा डोकं फिरवायचं, धुकं आलं की वर, उघडीप झाली की परत ठरलेल्या आकड्यावर.

मोबाईलवाल्यांनी रागावू नका पण तुमचा त्रास वेगळाय. फोन एचडीआर करून सावल्या उचलतो आणि ऊन दाबतो, मग ज्या फरकासाठी फोटो काढला तो फरकच गायब, सगळं खोरं एकसारखं हिरवं, पंचायतीनं रंग दिल्यासारखं. त्याला उपाय आहे, उजळ भागावर बोट दाबून धरायचं, लॉक झालं की बोटानं ब्राइटनेस खाली ओढायचा. बऱ्याच फोनमध्ये होतं हे. आणि वाइड नको, झूम करा. माझं तर म्हणणं कॅमेरावाल्यांनी पण वाइड लेन्स बॅगेतच ठेवावी, १६-३५ नं खोरं काढलं की निम्मं आभाळ, निम्मं रेलिंग, आणि मधे कुठेतरी एवढासा उन्हाचा ठिपका. ७०-२०० ची झूम लेन्स लावा, कमळगडाची एक सोंड पकडा, भाताची खाचरं पकडा, पुष्कळ झालं.

सीपीएलचं नाव काढलंच आहे तर... लोकांना वाटतं तो निळं आभाळ गडद करायला असतो. पावसाळ्यात निळं आभाळ असतं कुठे? त्याचं खरं काम ओल्या पानांवरची आणि ओल्या कातळावरची चकाकी काढायचं. फिरवून बघा, पांढुरकं हिरवं एकदम खरं हिरवं होतं आणि बेसाल्ट काळाकुळकुळीत. फक्त इंद्रधनुष्य असेल तेव्हा सांभाळून, चुकीच्या बाजूला फिरवला तर कमान अख्खी पुसली जाते.

इंद्रधनुष्याचं पण गणित सोपंय. ते सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला, आणि सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाटीवरून दिसतच नाही, म्हणून श्रावणात भर दुपारी शोधू नका, साडेतीन-चारनंतर पूर्वेकडे, म्हणजे वाईच्या बाजूला लक्ष ठेवा. सर आपल्या डोक्यावरून पुढे गेली आणि मागनं पश्चिमेचं ऊन आलं की झालं. सकाळी पश्चिमेला दिसलं तर मात्र समजायचं की ती सर आपल्याकडेच येतीय, फोटो काढा आणि पळा.

याच धर्तीवर इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं ऐकलं असेलच, गोल इंद्रधनुष्य आणि मधे आपली सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं दख्खनच्या हवामानावर १८३५ साली छापलेल्या निबंधात अशा गोल कमानींचं वर्णन केलंय. त्याला पाहिजे काय, तर पाठीवर ऊन आणि समोर खाली धुकं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून, म्हणजे ऊन पाठीवर यायला सकाळच हवी, संध्याकाळी तिथे सूर्य तोंडावर येतो. तरी लोक कड्यावर संध्याकाळी इंद्रवज्राची वाट बघत पोटावर पडलेले असतात. आणि गंमत म्हणजे तिघे जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला कडं स्वतःच्या सावलीभोवतीच दिसतं, शेजाऱ्याच्या डोक्याभोवती नाही. उलट पूर्वेला तोंड असलेल्या जागांवर, महाबळेश्वरचा केट्स पॉइंट घ्या, हेच दुपारनंतर जमायला पाहिजे, खाली धुकं आणि मागनं ऊन असा योग आला तर.

सामानाबद्दल थोडंच. कारमध्ये एसी लावून आलात आणि दार उघडून थेट कॅमेरा बाहेर काढलात तर लेन्सवर बाष्प धरणार, पुसलं की परत धरणार, तोवर ऊन वाईला पोचलेलं असतं. घाट चढायला लागतानाच एसी बंद करून काचा खाली करायच्या. कॅमेऱ्यावर हॉटेलातली शॉवर कॅप, महागडी रेन कव्हरं लागत नाहीत. पुसायला जुनी धुतलेली सुती ओढणी किंवा पंचा, मायक्रोफायबर एकदा भिजलं की नुसतं पाणी इकडचं तिकडे करतं. आणि घरी आल्यावर बॅगेत तसंच कोंबून ठेवायचं नाही, पुण्या-मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरायचं.

नवरात्राच्या आसपास हे सगळं चित्र फिरतं, म्हणून वरचं सगळं जून ते सप्टेंबरपुरतंच धरा. हस्ताचा पाऊस पूर्वेकडनं येतो, दुपारपर्यंत कडक ऊन, मग देशाकडनं काळे ढग उठतात, आणि त्यांच्यावर पश्चिमेचं ऊन समोरून पडतं. तेव्हा पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहून पूर्वेकडे बघायचं, ढगांचे मनोरे वरपर्यंत केशरी होतात. त्या दिवसांत हवा पण धुतलेली असते, लांबलांबचे डोंगर कापून काढल्यासारखे दिसतात, मे महिन्यातल्या धुरकट हवेत हे कधी मिळत नाही. पण टेबललँडवर आडोसा म्हणून काही नाही, नुसतं सपाट कातळ पठार, आणि त्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचा ट्रायपॉड नि तुम्ही. पहिला गडगडाट ऐकू आला की फोटो जमला असो नसो, पाय मिटायचे आणि सरळ खाली गाडीत येऊन बसायचं.