तंबोरा लागेपर्यंत

रविवार, रात्री साडेदहा

आज रियाजापेक्षा तंबोरा लावण्यातच जास्त वेळ गेला, आणि फार बरं वाटलं. पावसाळी हवेत तारा जागेवर राहत नाहीत. गवसणी काढली, खुंट्या पिळल्या, मग मणी सरकवत एकेक तार सुरात आणली: पंचम (प), जोडाचे म्हणजे एकसारखे दोन षड्ज (सा) आणि शेवटी खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा. मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे. प्रवासात मी तेच लावते. घरी मात्र मन होत नाही.

कारण खरी गंमत जवारीत, म्हणजे तारेच्या त्या गुंजणाऱ्या नादात आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढेमागे केला की एका जागी मुकी तार अचानक बोलू लागते. ती जागा कानानेच शोधावी लागते. जोडाचे षड्ज एकमेकांत विरघळले की खर्जातून गांधार (ग) ऐकू येतो. तो कुणीच छेडलेला नसतो! अख्खी तार हलताना तिचे भागही हलत असतात, त्यातल्या पाचव्या हिश्शाचा हा सूर. कारण माहीत असूनही तो उमटला की दरवेळी अंगावर काटा येतो.

माझा तंबोरा मिरजेचा. शस्त्रांना धार लावणारे तिथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात या कामाकडे वळले, आणि त्यांचे वंशज आजही पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून तंबोरे घडवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्याच कुणाचं कौतुक झाल्यासारखं वाटलं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबही शेवटी मिरजेचेच झाले. त्यांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन मिनिटांच्या, पण त्यातला षड्ज मुळीच घाईत नसतो.

हल्ली मैफलीत कलाकार मंचावर तंबोरे जुळवू लागले की लोक मोबाइल काढतात. मला तर तिथूनच मैफल सुरू झाल्यासारखी वाटते. आवाज कुठे ठेवायचा हे कान तेव्हाच ठरवत असतो.

पुतणी शेजारी बसून बघत होती. "आत्या, गाणं कधी सुरू करणार?" तिचा हात धरून खर्जाच्या तारेवर ठेवला, म्हटलं, नुसतं ऐक. तिला गांधार काही सापडला नाही, पण उठलीही नाही. पुढच्या रविवारी पलटे, म्हणजे स्वरांचा सराव, नंतर. आधी तिच्याकडून जोडाचे षड्ज मिळवून घेईन.