हसता हसता इंग्रजी शब्द : माझा अनुभव

राजेहो, तलाठी भरतीचा अभ्यास सुरू केला तेव्हा मराठी अन् जीकेचं टेन्शन नव्हतं, गाडी अडली ती इंग्रजीत. 2023 च्या पेपरात 200 पैकी 50 मार्क इंग्रजीचे होते अन् त्यातले सिनॉनिम अँटोनिम, म्हणजे समानार्थी अन् विरुद्धार्थी शब्द, असे की शब्द माहीत असला तर पाच सेकंदात उत्तर, नसला तर पेनाचं टोपण चावत बसा. तसं आमच्या पिढीला इंग्रजी पहिलीपासूनच आहे, राज्यात 2000 पासून तसं झालं, पण आमच्याकडे इंग्रजी म्हणजे धड्याखालचे शब्दार्थ पाठ करा अन् परीक्षा झाली की सोडून द्या.

मी दारव्हा तालुक्यातली. शब्दांचं जाडं पुस्तक आणलं, ए पासून सुरू केलं, बी येईपर्यंत ए मधले अर्धे गायब. हर्मन एबिंगहाउस म्हणून एक जर्मन माणूस होता, त्यानं काहीच अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे स्वतः पाठ करून पाहिले अन् 1885 साली लिहून ठेवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त उडते. मले वाटलं आपण पण तेच करून रायलो, फरक इतकाच की आपल्या तुकड्यांना अर्थ आहे म्हणतात.

मग लहान भावाच्या मोबाईलवर कॉमेडी व्हिडिओ सुरू झाले. नेट घरात येत नाही, स्लॅबवर जावं लागते, म्हणून संध्याकाळी वर बसून कमी क्वालिटीत डाउनलोड करायचे अन् रात्री लाइन गेली की खाली पाहायचे.

पहिले ते शब्द लक्षात ठेवायच्या ट्रिकवाले पाहिले. गॅरुलस म्हणजे लई बडबड्या, तर म्हणे गॅरेजवाला आठवा, तो गाडी दुरुस्त करता करता बोलतच राहते. हसू येते, खोटं कशाला बोलू. पण आठ दिवसांनी गॅरेज ध्यानात राहते अन् तो माणूस बडबड्या होता की कंजूस होता की आळशी हे काही आठवत नाही. एखाद्या अडेल शब्दापुरती ट्रिक ठीक आहे, शंभर शब्दांच्या शंभर ट्रिका म्हणजे त्याच पाठ कराव्या लागतात.

खरं काम केलं ते छोट्या प्रसंगांच्या व्हिडिओंनी. एक माणूस लग्नात चुकून दुसऱ्याच्याच पंगतीत जेवायला बसते, त्याचं तोंड लाल होते, बाजूचा म्हणते यू लुक एम्बॅरस्ड, म्हणजे लई ओशाळलेला दिसतो. झालं, आता तो शब्द कुठे जाते! स्पीड पाऊण करायचा, खालच्या इंग्रजी ओळी चालू ठेवायच्या, समजलं नाही तर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे. त्या आपोआप येणाऱ्या ओळींवर पूर्ण भरोसा नका ठेवू बरं, घाईघाईत बोलणारा असला की काहीच्या काही छापतात, डिक्शनरीत पाहूनच वहीत उतरवायचं. अन् वहीत नुसता शब्द नाही, अख्खं वाक्य, तेही आपल्या घरातल्या माणसावर. स्टबर्न म्हणजे हट्टी, तो आमचा बैल, नोझी म्हणजे नको तिथं नाक खुपसणारी, ती शेजारची काकू (वही तिच्या हाती लागू देत नाही). दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं ती पानं परत पाहायची, कपाशी वेचताना मनात म्हणायची.

सगळ्यात भारी निघाले चार्ली चॅप्लिनचे मुके सिनेमे, 1914 पासूनचे, फुकट सापडतात. तिथं कोणी बोलतच नाही म्हणून आम्हीच बोलायचो, भाऊ अन् मी पाळीपाळीनं कॉमेंट्री, ही इज रनिंग, ही इज हायडिंग, नाऊ ही स्लिप्स. भाऊ म्हणे स्लिप कशाचं, काठीत पाय अडकून पडला तर ट्रिप म्हण. असं भांडता भांडता जेवढी क्रियापदं बसली तेवढी पुस्तकातून कधी बसली नसती. आई आतून ओरडे, "काऊन हासता वं एवढ्या राती, झोपा ना!"

मात्र या व्हिडिओंचं इंग्रजी म्हणजे गॉना, वॉना, त्यांच्या गल्लीतलं. पेपरात तसं येत नाही. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांतल्या शब्दांची वेगळी यादी काढली अन् तो शब्द टाकून व्हिडिओ शोधायला लागले, उलट्या बाजूनं. व्याकरणाचं तर विचारूच नका, एरर काढायचे प्रश्न हसून सुटत नाहीत, त्याला वहीपेनच लागते.

मॉक टेस्टमध्ये आता शब्दांचे प्रश्न न घाबरता सोडवते. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे दोन-तीन शब्द मिळून वेगळाच अर्थ होते ती क्रियापदं, सुरू केलेत, पुट ऑफ अन् पुट अप विथ मध्ये सध्या घोळ चालू आहे, कोणाकडे चांगला व्हिडिओ असला तर सांगा, पण छोटा सांगा, दीड जीबी संध्याकाळपर्यंत भाऊच संपवते.