चार स्क्रूंचे झाकण : आमची वाटचाल

संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारी सीएनसी राउटर मशीन आम्ही बनवतो. आमच्या प्रत्येक मशीनच्या कंट्रोल बॉक्सचे झाकण चार साध्या स्क्रूंनी बसवलेले असते आणि त्या झाकणाच्या आतल्या बाजूस संपूर्ण वायरिंगची आकृती चिकटवलेली असते. कोणत्या रंगाची वायर कोठून कोठे जाते, कोणत्या टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत, कोणता फ्यूज किती अँपिअरचा आहे, हे सारे त्या एका कागदावर असते. नवे ग्राहक ते पाहून बहुधा एकच प्रश्न विचारतात, की हे असे उघड करून दिले तर उद्या दुसरा कोणी हेच मशीन बनवणार नाही का? बनवेल, दोघातिघांनी बनवलेही आहे, आणि त्यांपैकी एकाला त्याच्या मशीनसाठी लागणारे बॉलस्क्रू (मशीनचे भाग सरकवणारे, छऱ्यांवर फिरणारे आटेदार दांडे) आम्हीच मागवून दिले. आम्ही हा धंदा ज्या ज्ञानावर उभा केला ते सगळे दुसऱ्यांनी उघड करून ठेवलेले होते, त्यामुळे आमच्यापाशी येऊन ते कुलूपबंद व्हावे हे आम्हाला कधीच पटले नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे टर्नर होते. या शहरात एके काळी ऑइल इंजिने बनत, त्यांच्यामागे फौंड्र्या वाढल्या, आणि फौंड्र्यांच्या आधाराने पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे), टर्नर, फिटर अशी कारागिरांची मोठी फळीच तयार झाली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात लागलो. तेथील परदेशी बनावटीच्या मशीनचे कार्ड बिघडले, की ते उघडायचे नाही, पुण्याहून किंवा मुंबईहून माणूस येईपर्यंत मशीन बंद ठेवायचे, असा नियम होता. एकदा असे मशीन अकरा दिवस उभे राहिले आणि अखेरीस त्या कार्डावरचा एक फुगलेला कपॅसिटर बदलल्यावर ते चालू झाले. ते अकरा दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. इंग्लंडमधील केंब्रिज येथील मंडळींनी मुलांना संगणक हाताळत, मोडत, जोडत शिकता यावा म्हणून तो बनवला होता आणि त्याची किंमत ३५ डॉलर ठेवली होती. मला तो पुढच्या वर्षी मिळाला, आणि त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून, दादरला उतरून, लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात अर्धा दिवस फिरलो. पत्त्यांच्या जोडाएवढ्या त्या बोर्डावर ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि कडेला २६ पिना उघड्या होत्या. संगणकाने आपल्या पिना अशा मोकळ्या सोडाव्यात आणि त्यांना काय जोडायचे ते आपल्यावर सोपवावे, याचे मला त्या वेळी जे अप्रूप वाटले ते आजही ओसरलेले नाही.

तो पहिला बोर्ड मी सहाव्या दिवशी जाळला. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी मोजण्यासाठी मी त्याला ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर जोडला होता. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि परतीचा संकेतही ५ व्होल्टचाच देतो, तर रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक सहन करत नाहीत. मध्ये एक आणि दोन किलो-ओहमचे दोन रेझिस्टर घातले असते, तर ५ चे ३.३ व्होल्ट होऊन काम भागले असते. दोन्ही रेझिस्टरची मिळून किंमत एक रुपयासुद्धा नव्हती. ती चूक माझी होती, आणि आज आम्ही विकत असलेल्या प्रत्येक किटमध्ये ते दोन रेझिस्टर वेगळ्या पुडीत, वर ठळक अक्षरांत सूचना लिहून, न चुकता घातलेले असतात.

मशीनकडे मी वळलो ते त्यानंतर. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला होता. आपलेच प्लास्टिकचे भाग छापू शकेल असा त्रिमितीय प्रिंटर बनवायचा आणि त्याची सर्व रेखाटने कोणालाही मोकळी द्यायची, अशी ती कल्पना होती. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये जीआरबीएल हा प्रोग्राम लिहून तसाच खुला केला, आणि त्यामुळे आर्डुइनोसारख्या स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डावर तीन अक्षांचे सीएनसी मशीन चालवणे शक्य झाले. या दोघांचे आमच्यावर मोठे ऋण आहे.

माझे पहिले राउटर मशीन प्लायवूडचे होते. सरकण्यासाठी टेबलाच्या खणाच्या पट्ट्या, ढकलण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातील ८ मिलिमीटरचा आटे पाडलेला गज आणि फिरवण्यासाठी तीन स्टेपर मोटरी, एवढाच त्याचा संसार होता. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे फेऱ्याला ३,२०० पल्स (विजेचे छोटे ठोके) लागतात. त्या गजाचा आटा एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटरच पुढे सरकतो, त्यामुळे एका मिलिमीटरला २,५६० पल्स होतात. आर्डुइनो सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देऊ शकतो, म्हणून माझे मशीन सेकंदाला बारा मिलिमीटरहून जलद कधीच धावू शकले नाही. हे गणित मी आधी केले नव्हते. मशीन रखडू लागल्यावर केले. आज ५ मिलिमीटर चालीच्या बॉलस्क्रूवर तोच आकडा ६४० वर आला आहे.

त्या मशीनवर मी ५० मिलिमीटरचे वर्तुळ कापले आणि मोठ्या उमेदीने आबांपुढे ठेवले. त्यांनी व्हर्नियरने ते दोन दिशांना मोजले, तर एका दिशेला अर्धा मिलिमीटर जास्त आणि दुसऱ्या दिशेला तेवढेच कमी भरले. मी प्रोग्राम तपासू लागलो. आबांनी मात्र घरून डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारे काट्याचे मापक, आणले, त्याचा चुंबकी पाया टेबलाच्या लोखंडी पायाला लावला, टोक स्पिंडलला, म्हणजे कापणारे हत्यार फिरवणाऱ्या भागाला, टेकवले आणि मशीनच्या आडव्या पुलावर फक्त अंगठा दाबला. काटा चाळीस घरे सरकला, म्हणजे नुसत्या अंगठ्याने ०.४ मिलिमीटर. ‘काँप्युटर तुझा शानाच हाय, पर पाया हलतोय बघ,’ एवढेच ते म्हणाले.

आमच्या मशीनचा पाया बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, झाला तो त्या दिवसामुळे. हौशी मंडळी साधारणतः ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर मशीन उभे करतात, कारण ते कुठेही मिळते आणि घरी कापता येते. आमच्या गावात मात्र बीड ओतणारी भट्टी हाकेच्या अंतरावर होती, आणि कापताना उठणारी थरथर बीड जितकी जिरवते तितकी ॲल्युमिनियम जिरवत नाही. ओतलेला बेड, म्हणजे मशीनचा हा पाया, आम्ही लगेच मशीनिंगला घेत नाही. तो थंड होताना आत ताण साठतो आणि ताज्या बेडचा पृष्ठभाग सपाट केला, तर काही आठवड्यांत तो पुन्हा वाकडा होतो. म्हणून जुन्या कारखान्यांच्या रीतीप्रमाणे तो काही महिने उन्हापावसात पडू देतो आणि मगच प्लेनरवर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणाऱ्या मशीनवर, चढवतो. भांडवल असे अंगणात गंजत पडलेले पाहून बँकेचे अधिकारी प्रथम चिंतेत पडले होते, परंतु या बाबतीत घाई करण्याची आमची तयारी नाही.

आमचे पहिले ग्राहक एक पॅटर्नमेकर होते. सागवानात हाताने पॅटर्न कोरण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते आणि मुलगा त्या कामात यायला तयार नव्हता. पंपाच्या केसिंगचा पॅटर्न आमच्या मशीनवर कापून दाखवावा असे ठरले. मी नकाशावरच्या मापाप्रमाणे दोन रात्री जागून तो कापला आणि सफाई पाहून खूश झालो. त्यांनी खिशातून आपली पट्टी काढली, पॅटर्नवर ठेवली आणि शांतपणे सांगितले की हा पॅटर्न लाकडाचे शोपीस म्हणून छान आहे. बीड थिजून थंड होताना साधारण एक टक्का आकसते. १०० मिलिमीटरची वस्तू हवी तर पॅटर्न १०१ चा लागतो, आणि त्यांच्या पट्टीवर ती वाढ मुळातच धरलेली होती. शिवाय वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना जो किंचित उतार द्यायचा असतो, तोही मी दिला नव्हता. दुसरा पॅटर्न आम्ही दोघांनी शेजारी बसून केला. तो फौंड्रीत चालला, आणि महिन्याभरात त्यांनी मशीनसाठी आगाऊ रक्कम दिली. मी नोकरी सोडली ती त्या रकमेच्या भरवशावर.

त्यानंतरचे वर्ष मात्र अत्यंत कठीण गेले. त्या पॅटर्नमेकरांच्या शेडमध्ये मशीन दिवसातून दोनतीनदा मधेच थांबे आणि पडद्यावर सांगे की लिमिट स्विच (मशीन कडेला पोचल्यावर दाबला जाणारा) दाबला गेला आहे, प्रत्यक्षात कोणताही स्विच दाबलेला नसे. आमच्याकडे तेच मशीन आठ-आठ तास सुरळीत चाले. तीन आठवडे मी प्रोग्रामच्या ओळी तपासत बसलो. शेवटी एका दुपारी मी त्यांच्याकडे चहा पीत असताना पलीकडच्या गाळ्यात वेल्डिंगची ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी आमचे मशीन थांबले. वेल्डिंगचा आणि स्पिंडलच्या स्पीड ड्राइव्हचा विद्युत गोंगाट स्विचच्या लांब वायरीत शिरत होता आणि बोर्ड त्यालाच संकेत समजत होता. आम्ही स्पिंडलची केबल इतर वायरींपासून वेगळ्या नळीतून नेली, स्विचला जाळीदार आवरणाची केबल वापरून तिचे आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडले, सर्व स्विच नेहमी जोडलेल्या स्थितीत राहून दाबल्यावर तुटतील असे बदलले आणि बोर्डाच्या तोंडाशी ऑप्टोकपलर घातले, ज्यात संकेत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध उरत नाही. शेडचे अर्थिंगही नव्याने करून घेतले. वेल्डिंग पूर्वीसारखेच चालू राहिले. मशीन पुन्हा थांबले नाही.

रास्पबेरी पाय आमच्या मशीनमध्ये आहे, पण मोटरींना पल्स तो देत नाही, हेही येथे स्पष्ट करतो, कारण हौशी मित्र याबद्दल वारंवार विचारतात. त्याच्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चालते, आणि लिनक्स एका वेळी अनेक कामे हाताळताना एखादा पल्स थोडा उशिरा सोडू शकते; मोटरीला तो उशीर खपत नाही, ती पाऊल चुकते. म्हणून फाइल वाचणे, पडदा दाखवणे, कॅमेऱ्यातून जॉबची जागा पाहणे ही कामे रास्पबेरी पाय करतो, आणि पल्सचे काम एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे असते, ज्याला दुसरा कोणताही उद्योग नसतो. वीज अचानक गेल्यावर मेमरी कार्ड खराब होण्याचा त्रासही आम्ही सोसला. आता कार्ड फक्त वाचण्यापुरते खुले ठेवतो, त्यामुळे वीज कधीही गेली तरी कार्ड शाबूत राहते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली; तेथील धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. आमचा त्या वेळचा गाळा शाहूपुरीत होता. पाणी उतरल्यावर आत गेलो, तेव्हा तीन तयार मशीन गुडघाभर गाळात उभी होती. आम्ही बोर्ड एकेक करून सोडवले, स्वच्छ पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुतले, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दात घासायच्या ब्रशने घासले आणि बरेच दिवस सुकवले. बहुतेक बोर्ड वाचले. बॉलस्क्रू मात्र वाचले नाहीत, कारण नटातील छऱ्यांमध्ये शिरलेली बारीक वाळू पूर्णपणे निघत नाही. नंतर आम्ही उंचावरच्या जागेत आलो, आणि जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला तेव्हा आम्ही कोरडे होतो.

त्याच वर्षी जगभर चिपांची टंचाई झाली आणि रास्पबेरी पाय मूळ किमतीला मिळेनासा झाला. आमच्याकडे सात मशीनची मागणी आणि दोनच बोर्ड शिल्लक, अशी स्थिती होती. तेव्हा ४ डॉलरचा रास्पबेरी पाय पिको उपयोगी पडला. तो जानेवारी २०२१ मध्ये आला होता, आणि त्यातील चिपमध्ये ठरावीक अंतराने पल्स सोडण्यासाठी स्वतंत्र छोटी यंत्रणाच असते. पल्सचे काम पिकोवर आणि पडद्याचे काम जुन्या वापरलेल्या संगणकांवर अशी मांडणी करून आम्ही सातही मशीन दिली.

गेल्या वर्षीचा एक फोन मला विशेष आठवतो. सावंतवाडीत लाकडी खेळणी बनवणारे एक कारागीर आमचे मशीन वापरतात. गणपतीच्या तोंडावर त्यांच्या मशीनचा आडवा अक्ष हलेनासा झाला. मी त्यांना झाकणाचे चार स्क्रू काढायला सांगितले आणि आकृतीवर बोट ठेवून वाय (आडवा) आणि झेड (उभा) या दोन अक्षांच्या ड्रायव्हरांचे प्लग आपसांत बदलायला सांगितले. बदलल्यावर वाय हलू लागला आणि झेड थांबला, म्हणजे मोटर आणि वायर ठीक होत्या, ड्रायव्हर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळच्या शहरातून ड्रायव्हर आणला, आकृतीप्रमाणे त्यावरची बारीक बटणे लावली आणि संध्याकाळी मशीन चालू झाले. ‘दादा, मी आजवर रेडिओसुद्धा उघडला नव्हता,’ असे ते म्हणाले. त्या फोनला एकंदर वीस मिनिटे लागली.

आज आम्ही पाच जण आहोत. आबा रोज सकाळी दोन तास येतात आणि प्रत्येक नव्या मशीनच्या पुलावर अंगठा दाबून डायल गेज पाहतात; काटा दोन घरांपेक्षा अधिक हलला, तर ते मशीन बाहेर जात नाही. अंगणात सध्या चार बेड पडून आहेत आणि त्यांचे मशीनिंग दिवाळीनंतर होईल. झाकणाच्या आतली आकृती सुधारून सुधारून आता नवव्या आवृत्तीवर आली आहे. सावंतवाडीच्या त्या कारागिरांनी कळवले, की दिव्याच्या पिवळ्या उजेडात नारिंगी आणि लाल वायर सारख्याच दिसतात. तेव्हापासून नारिंगीच्या जागी आम्ही पांढरी वायर वापरतो.