चुंबकाच्या अफवेचा दिवस

जून 2021 मध्ये नाशिकमधल्या एका ज्येष्ठ नागरिकाचा व्हिडिओ आमच्या भागात घरोघर पोचला. कोविशील्ड या कोविडवरच्या लसीचा दुसरा डोस घेतल्यापासून अंगाला नाणी, चमचे, ताटल्या चिकटतात, असं त्यात दिसत होतं, आणि लसीनं अंगच लोहचुंबक होतं अशी अफवा त्यावरून उठली. त्यानंतरचं आमचं पहिलंच लसीकरण सत्र. मी निफाड तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. एरवी सत्राच्या दिवशी उजाडताच रांग लागायची, त्या दिवशी साडेदहा वाजले तरी बाकावर चारच माणसं. कोविशील्डच्या कुपीत दहा डोस असायचे आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची. चौघांसाठी उघडायची तर सहा डोस वाया जाणार, आणि तेही लोक एकेका डोससाठी तालुक्याला खेटे घालत होते तेव्हा. व्हॅक्सिन कॅरियरचं, म्हणजे लस थंड ठेवायच्या डब्याचं, झाकण बंद ठेवून मी आणि आशाताई वाट बघत बसलो.

थोड्या वेळानं पारावरचा घोळका उपकेंद्राकडे आला. पुढे एक आजोबा, बंडी काढलेली, हातात स्टीलची ताटली. पहिला डोस त्यांनी माझ्याच हातून घेतला होता. "बघा सिस्टर," म्हणत त्यांनी ताटली छातीला लावली आणि हात सोडला. ताटली राहिली. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. कुणी म्हणालं, लसीत लोखंड घालतात, कुणी म्हणालं चिप असते. आजोबा मात्र माझ्या जवळ येऊन हळूच विचारत होते, "हृदयाला तर काही होणार नाय ना?"

त्यांना आधी खुर्चीत बसवलं. डोसमध्ये अर्धा मिलीलीटर द्रव असतो, जेमतेम दहा थेंब, आणि त्यातल्या घटकांत लोह नाही, हे सांगितलं. पण समोर चिकटलेली ताटली असताना सांगण्यानं कुणाचं समाधान होणार? आशाताईंच्या मुलाकडे बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक होता, तो मागवला. खिडकीच्या गजाला तो खटकन बसला. ताटलीला लावला तर गळून पडला, कारण घरातल्या पुष्कळ स्टीलच्या भांड्यांना चुंबक धरतच नाही. आजोबांच्या दंडावर, लस टोचली तिथंही धरला. काहीच नाही. मग त्यांची छाती कोरड्या फडक्यानं पुसून पावडर लावली आणि ताटली परत ठेवायला सांगितली. ती सरळ खाली आली. पावसाळ्याच्या तोंडाशी हवा दमट, अंगाला घाम, त्वचेचा तेलकटपणा, त्यावर गुळगुळीत धातू, मग चिकटणारच. तेवढ्यात आशाताईंच्या मुलानं एक रुपयाचं नाणं कपाळावर दाबून लोकांना दाखवलं. त्यानं लस घेतलेलीच नव्हती, तेव्हा देशात 18 वर्षांखालच्या कुणालाही कोविडची लस सुरू झाली नव्हती. माझ्या बोलण्यापेक्षा लोकांना ते नाणं जास्त पटलं. आजोबांनी बंडी घातली.

एवढ्यानं वाद संपेल असं मला वाटलं होतं. पण चुंबक ही वरवरची गोष्ट होती. एक तरुण शेतकरी म्हणाला, "लस कशाला? गोव्यात तर सरकारच सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देणार होतं." तो खोटं बोलत नव्हता. आयव्हरमेक्टिन हे मुळात जंतांवरचं औषध; 10 मे रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी 18 वर्षांवरच्या सर्वांना पाच दिवस त्याची 12 मिलिग्रॅमची गोळी देण्याचं जाहीर केलं होतं. जागतिक आरोग्य संघटना चाचण्यांबाहेर ती वापरू नका म्हणत होती, आणि खुद्द औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीनंही कोविडमध्ये उपयोगाचा पुरावा नाही असं फेब्रुवारीतच सांगितलं होतं. आपल्या केंद्र सरकारच्या एका मार्गदर्शक सूचनेत एप्रिलमध्ये ती गोळी होती, जूनच्या सूचनेतून गेली. आमच्याच गावात आदल्या वर्षी ग्रामपंचायतीनं अर्सेनिक अल्बम या होमिओपॅथी औषधाच्या गोळ्या घरोघर वाटल्या, तेव्हा पुरावा कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता. सिद्ध न झालेली औषधं सरकारी शिक्क्यानं वाटली की सिद्ध झालेल्या लसीवरचा विश्वास त्यातूनच कापला जातो, हे माझं ठाम मत त्या दिवशी झालं.

मागे उभे असलेले एक गृहस्थ इतका वेळ गप्प होते. एप्रिलमध्ये त्यांचा भाऊ कोविडनं गेला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा तेव्हा आजाऱ्याला चढवत. ते म्हणाले, "मॅडम, रात्री दोनला प्लाझ्मासाठी नाशिक पालथं घातलं. दागिने मोडले. भाऊ गेल्यावर महिन्यात पेपरात आलं, प्लाझ्माचा उपयोग नाही. आता तुम्ही म्हणता लस घ्या. उद्या काय म्हणाल?"

घोळका एकदम शांत झाला. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा राग बरोबर आहे." आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी 2020 मध्येच केली होती आणि त्यात मृत्यू टळताना दिसले नव्हते. तरी प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला तो 17 मे 2021 ला. मधल्या काळात किती घरं रात्री-अपरात्री वणवण फिरली! हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. लसीचं उलट आहे, आधी हजारो माणसांवर चाचणी, मग आपल्या दंडावर, हेही सांगितलं.

"मग लसीनं रक्ताच्या गाठी होतात ते खोटं का?" त्यांनी विचारलं.

आशाताईंनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तर रांग लगेच लागली असती. मी म्हटलं, "खरं आहे, पण फार क्वचित." लसीचे दुष्परिणाम तपासणाऱ्या देशाच्या समितीनं मे महिन्यात दिलेला आकडा सांगितला: दहा लाख डोसमागे 0.61, म्हणजे पुरता एकही नाही. लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पायाला सूज आली किंवा डोकं सतत ठणकत राहिलं, तर थेट मला फोन करा, म्हटलं. त्यांनी ही लक्षणं कागदावर लिहून मागितली. मी लिहून दिली, खाली माझा नंबर घातला.

त्यांनी स्वतः त्या दिवशी लस घेतली नाही. घरी जाऊन आईला घेऊन आले, माझी सुई दंडात जाईपर्यंत तिचा हात धरून उभे राहिले आणि अर्धा तास तिच्याजवळ बसले. दुपारपर्यंत दोन कुप्या संपल्या.

लक्षणांचा तो कागद मोठ्या अक्षरात लिहून मी उपकेंद्राच्या दारावर लावला. पुढे तालुक्याच्या बैठकीत तो छापून सगळीकडे लावावा असं सुचवलं, तर वरिष्ठ म्हणाले, लोक उगाच घाबरतील. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. आमच्याकडे लोक तो वाचायचे, चार प्रश्न विचारायचे आणि मग बाही वर करायचे. शाई फिकी पडली की मी नवा लिहायची.