तुम्ही विचारलंत म्हणून: सारी नोकरी एकाच शाळेत का?

इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये कोठेही गेलो, तरी मला हमखास विचारले जाते, की फुटबॉलच्या क्लबांकडून बोलावणी येत असतानाही तुम्ही सारी नोकरी एकाच शाळेत का काढलीत? याचे उत्तर मुलांच्या वाढीशी निगडित असल्यामुळे ते जरा सविस्तर सांगावे लागते.

शालेय फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारी ही तारीख धरून ठरतात. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो करंडकाच्या १७ वर्षांखालील गटातही तसेच आहे. त्यामुळे जानेवारीत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेली दोन मुले कागदोपत्री समवयस्क ठरतात, जरी त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असले तरी. शिवाय मुलग्यांची उंची साधारणपणे १३-१४ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढत असली, तरी कोणी १२ व्या वर्षीच थोराड दिसू लागतो, तर कोणी १५ वर्षांचा होईपर्यंत लहानखुराच राहतो. निवड चाचणीत थोराड मुलगा धक्क्याला टिकतो, पुढे पळतो आणि म्हणून गुणी वाटतो. अनेक देशांतील युवा संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा असतो, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे.

आमच्या माळव्याची काळी माती या अन्यायात भरच घालते. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुतत असल्यामुळे ताकदीने लांब फटका मारणारेच चमकतात आणि नेमका पास देणारा लहानखुरा मुलगा झाकला जातो. म्हणून मी सहावी-सातवीच्या मुलांना मैदानाच्या कडेच्या मुरमाड पट्ट्यावर, पाच नंबरच्या ४१० ते ४५० ग्रॅम वजनाच्या चेंडूऐवजी चार नंबरच्या हलक्या चेंडूने, चौघांविरुद्ध चौघे असे खेळवत असे. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूला पाहण्याची सवय तेथेच लागते, आणि या सवयीला उंची लागत नाही.

वाढीच्या याच काळात अनेकांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरील उंचवट्याशी, दुखू लागते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. सराव कमी केला, की ते बहुधा हळूहळू थांबते. परंतु याच मुलांवर कामचुकारपणाचा शिक्का बसलेला मी पाहिला आहे, आणि त्याचा मला आजही राग येतो.

क्लबच्या प्रशिक्षकाला यंदाच जिंकायचे असते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. शाळेत दरवर्षी बारावीची मुले निघून गेल्यामुळे बांधलेला संघ मोडतो खरा, पण सहावीत आलेला मुलगा सात वर्षे प्रशिक्षकाच्या नजरेसमोर राहतो. आठवीत ज्याला घरच्यांनी ‘हा लहानच राहणार’ म्हणून खेळातून काढायचे ठरवले होते, असा डिसेंबरात जन्मलेला एक मुलगा दहावीनंतर उंच झाला आणि आमच्या मधल्या फळीचा आधार बनला. मी दोन-तीन वर्षांत शाळा बदलली असती, तर माझ्या वहीत तो केवळ ‘अंगाने कमी’ एवढ्या शेऱ्यापुरता उरला असता.

म्हणूनच आता कोणी संस्थाचालक सल्ला विचारतात, तेव्हा प्रशिक्षकाला वर्षावर्षाच्या करारावर नेमू नका आणि नववीपर्यंत कोणत्याही मुलाला संघातून वगळू नका, असे मी आग्रहाने सांगतो.